गिरणेच्या पात्रात सकाळ काढायची असेल तर

जळगावहून एरंडोलकडे निघालं की बांभोरीच्या अलीकडे गिरणेचा पूल लागतो. बसमधली माणसं खिडकीतून खाली डोकावतात आणि हटकून म्हणतात, "नदीला पाणीच नाही." मी याच नदीच्या पाण्यावर २८ वर्षं नोकरी केली. पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होतो. भडगाव-पाचोऱ्याकडच्या चाऱ्या, दारं, पाणीपाळ्या आणि पाळ्यांवरून होणारी भांडणं यांतच उमर गेली. निवृत्त झाल्यावर जळगावात राहायला आलो. तेव्हापासून दिवाळी ते महाशिवरात्र या दिवसांत महिन्यातले दोन-तीन रविवार नातवंडांना घेऊन मी गिरणेवर असतो.

तिथं फाटक नाही, तिकीट नाही, बाक नाहीत, हिरवळ नाही. शहराची शेवटची वस्ती संपते, केळीचे बाग लागतात, बाभळी लागतात आणि एकदम समोर ते भलंमोठं मोकळं पात्र येतं. जळगावच्या माणसाला पोराबाळांसह पाय मोकळे करायला याहून मोठी जागा नाही. पण लोक एक तर तिकडे फिरकतच नाहीत, किंवा जातात ते नदीची काही माहिती न घेता. दर वर्षी कुणाचा ना कुणाचा तरुण मुलगा त्या पाण्यात जातो, ती बातमी वाचली की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. म्हणून कसं जायचं ते सविस्तर लिहितो.

आधी पाण्याची चौकशी

घरून निघायच्या आधी एकच गोष्ट विचारायची: पाणी सुटलंय का?

गिरणा नाशिक जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगरात उगवते. मालेगावला तिला मोसम मिळते. पुढे नांदगाव तालुक्याच्या बाजूला गिरणा धरण आहे, १९६९ साली पूर्ण झालेलं. त्याची एकूण साठवण सुमारे साडेएकवीस हजार दशलक्ष घनफूट, त्यातलं वापरता येतं ते साडेअठरा हजार. तिथून पाणी खाली सुटलं की जामद्याच्या बंधाऱ्यावर डावा आणि उजवा असे दोन कालवे ते उचलतात, पुढे दहिगावच्या बंधाऱ्यावर आणखी उचललं जातं. एवढ्या सगळ्यांची तहान भागवून जे उरतं ते जळगावच्या हद्दीत पोचतं. म्हणून पावसाळा सोडला तर आपल्याकडची गिरणा आपल्या मनानं वाहत नाही, आवर्तनानं वाहते, म्हणजे धरणातून ठरवून पाणी सोडतील तेव्हा. हिवाळ्यात रब्बीसाठी पाणी सुटतं, उन्हाळ्यात काठावरच्या गावांच्या पिण्यासाठी सुटतं, कारण कितीतरी गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी नदीपात्रातच आहेत. दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत पात्रात एखादी बारीक धार, काही डोह आणि शेवाळलेली डबकी एवढंच असतं.

आवर्तनाची बातमी वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर येते: किती क्युसेकनं सोडलं, कोणत्या तारखेला सोडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पंधराशे क्युसेक असं छापलेलं दिसलं तर सेकंदाला ४२ हजार लिटर पाणी निघालंय असं समजा, आणि मग ज्या वाळूवर बसून डबा खायचं तुमच्या मनात आहे ती वाळू डोळ्यांसमोर आणा. धरणातून निघालेलं पाणी इकडे लगेच येत नाही. पात्र कोरडं असेल तर पाण्याचं तोंड जसं पुढे सरकतं तशी वाळू आधी ते पिऊन घेते, खड्डे भरतात, मग पुढचा पल्ला. त्याला काही दिवस लागतात. त्यामुळे बातमी शिळी झाली म्हणून धोका गेला असं धरू नका, उलट बातमी चार दिवसांची झाली की सावध राहायचं.

पेपर हाती लागला नाही तर काठावरच्या शेतकऱ्याला विचारा. आमच्या भडगावकडच्या अहिराणीत एवढंच म्हणायचं, "पानी सुटनं का, दादा?" पंपाची मोटार नदीत टाकलेल्या माणसाला पाण्याची खबर खात्याच्याही आधी असते. हे मी नोकरीत असतानाच शिकलो.

पावसाळ्यात पात्रात उतरायचंच नाही. त्याला अपवाद नाही, "आज आभाळ मोकळं आहे" ही सबब चालत नाही. मन्याड, तितूर अशा नद्या वरून गिरणेला मिळतात आणि तितूरचं पाणी कन्नड घाटाकडच्या डोंगरातून येतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर या नद्यांच्या पुरानं चाळीसगावात काय केलं ते आठवा. डोंगरात रात्री पाऊस कोसळतो आणि सकाळी खालच्या गावात ऊन असतं. २०१९ च्या पावसाळ्यात बऱ्याच वर्षांनी गिरणा धरण काठोकाठ भरलं तेव्हा जळगावची माणसं पूर बघायला पुलावर गेली होती. पूर बघायचा तो तसाच, पुलावरून किंवा उंच काठावरून, मुलांचा हात धरून.

काठी

आता माझ्या स्वतःच्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण त्यातूनच आमची काठीची रीत पडली.

निवृत्तीनंतरचा पहिलाच हिवाळा होता. जानेवारीतला रविवार. सूनबाई, मोठी नात आणि धाकटा नातू असे चौघं आम्ही पात्राच्या मधल्या वाळूच्या उंचवट्यावर बसलो होतो. धार घोट्याएवढी, तीही ओलांडूनच आलेलो. आवर्तन सुटल्याचं मला ठाऊक होतं, पण तारखेचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि दोन दिवस चुकलो. पोरं वाळूत विहिरी खणत होती. काठावरून कुणीतरी हाका मारत होतं. मला वाटलं शेतावरच्या गड्याला बोलवत असेल. मग सूनबाई म्हणाली, "आबा, आपल्या चपला?" धारेच्या कडेला काढून ठेवलेल्या चपला जागेवर नव्हत्या. मी उठून पाहिलं तर घोट्याची धार गुडघ्याला आलेली, पाणी गढूळलेलं, वर पाचोळा आणि काडीकचरा तरंगत होता. नातवाला खांद्यावर घेतलं, नातीला आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं आणि बाहेर पडलो. मधोमध पाणी मांडीला लागलं. डबा, सतरंजी, पिशवी सगळं तिथंच राहिलं. काठावर हाका मारणारा तो शेतकरी अर्ध्या पाण्यात येऊन उभा होता. त्यानं नातीला उचलून घेतलं तेव्हा माझ्या पायातलं बळ गेलं होतं.

पाणी सोडणं आणि मोजणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याकडून हे झालं. त्या दिवसापासून पात्रात पोचल्यावर सगळ्यात आधी काठी रोवायची, मग बाकीचं. तुम्हीही हेच करा.

हातभर लांबीची सरळ काठी घ्या. धारेच्या अगदी कडेला, जिथं पाणी आणि वाळू एकमेकांना लागतात तिथं, ती पक्की रोवा. पाण्याची पातळी काठीवर जिथं येते तिथं चाकूनं खाच करा किंवा रंगीत दोरा बांधा. दर पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी जाऊन बघायचं. आमच्याकडे हे काम नातीकडे आहे आणि ती ते मनापासून करते. खाच किंवा दोरा पाण्याखाली गेला की आपण उठायचं. "जरा वेळानं बघू" म्हणायचं नाही, सामान आवरत बसायचं नाही. पाणी वाढण्याआधीच्या खुणाही ओळखू येतात. निवळ धार एकाएकी मातकट होते. फेसाचे पुंजके येतात. कोरडी पानं, गवताच्या काड्या, उसाची चिपाडं वाहत येतात. खळखळीचा आवाज बदलतो, दगडांवरचं पाणी दगडांना झाकायला लागलं की आवाज जाड होतो. कडेला शेपूट हलवत फिरणारे धोबी पक्षी मागे सरकतात.

आणि बसायचं ते ज्या काठानं आलो त्याच काठाच्या बाजूला. धार ओलांडून पलीकडे जाऊन बसायचं नाही, मग ती घोट्याएवढी का असेना.

कुठून, कधी

जळगावच्या बाजूनं निमखेडी शिवारातून किंवा सावखेड्याकडून, ज्याला जुने लोक गिरणा पंपिंगचा रस्ता म्हणतात, नदीवर उतरता येतं. शहराला आता वाघूर धरणाचं पाणी येतं, पण एकेकाळी जळगाव गिरणेचंच पाणी पीत होतं. एस. टी. नं यायचं तर बांभोरीला उतरा आणि पुलाकडे मागे चालत या. मी स्वतः जळगावकडचाच काठ धरतो. त्याचं कारण ऊन. इथं नदी साधारण उत्तरेकडे, तापीच्या दिशेनं वाहते. म्हणजे सकाळी या काठावर उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या पाण्यावर, पक्ष्यांवर स्वच्छ उजेड पडतो. बांभोरीच्या बाजूनं बघाल तर सगळं डोळ्यांत चमकतं आणि पक्षी काळे दिसतात.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला काठावर पोचायचं, दहाला परत फिरायचं. खान्देशातलं ऊन हिवाळ्यातही दहानंतर लागायला लागतं, आणि मार्च संपला की मग विचारूच नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वाळूवर अनवाणी पाय टेकत नाही. तेव्हा सहलीचं नावही काढू नका.

गाडी काठावरच, रस्ता मोकळा ठेवून लावा. वाळूच्या वाटेवर चारचाकी घातली की रुतलीच. शिवाय त्या वाटांवर पहाटे वाळूची ट्रॅक्टरं सुसाट येतात. ती आली की पोरांना घेऊन लांब बाजूला व्हायचं. तिथं वाद घालायचा नाही आणि फोटोही काढायचे नाहीत. तक्रार करायची तर घरी येऊन, लेखी.

पायात चप्पल नको. वेडी बाभूळ काठाला माजलीय आणि तिचा काटा रबरी तळ आरपार करतो, कोरड्या वाळूत सराटे असतात. कॅनव्हासचे बूट बरे. पाणी माणशी दोन लिटर. मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड. टोपी, आणि थंडीत कानटोपीसुद्धा, कारण पहाटे पात्रातला गारठा गावातल्यापेक्षा जास्त असतो. एकट्यानं जाऊ नका. बायकामंडळी बरोबर असतील तर आधीच ठरवून ठेवा, तिथं स्वच्छतागृह नाही, महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर थांबूनच पुढे जावं लागतं. गवतात, दरडीच्या कपारीत हात घालायचा नाही. थंडीत घोणस उन्हाला येऊन पडते आणि वाळल्या पाल्यात ती पाल्यासारखीच दिसते.

काय बघायचं

नदीकडे उतरताना आधी थांबायचं ते दरडीपाशी. गिरणेचा काठ काही ठिकाणी दोन-तीन पुरुष उंच, पिवळसर गाळमातीचा, चाकूनं कापल्यासारखा सरळ तुटलेला आहे. नीट पाहिलं तर त्यात थर दिसतात, एक बारीक मातीचा, एक वाळूचा, मध्येच गोट्यांचा. एकेका पुरानं एकेक थर आणून टाकलेला. मोठा पूर असेल तर गोटे, मंद असेल तर गाळ. तापी खोऱ्यातली बरीचशी केळी अशाच मातीवर उभी आहे. माझी पहिली नेमणूक चाळीसगाव तालुक्यात बहाळच्या बाजूला होती. बहाळला गिरणेच्या काठावर १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली. समोरच्या काठावर टेकवाड्याला त्या काळातली दफनं सापडली. म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीही इथं माणसं राहत होती आणि पाणी वाढलं की काठावर पळत होती. तुम्हाला दरडीत जुनं खापर दिसलं तर मुलांना दाखवा, पण उपटू नका. थरात अडकलेल्या खापराला अर्थ असतो, खिशातल्या खापराला नसतो.

त्याच दरडीत ओळीनं भोकं दिसतील. ती वेड्या राघूची. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून दोन तारांसारखी पिसं निघालेला पक्षी. उन्हाळ्याच्या तोंडाला तो हातभर बोगदा कोरून आत अंडी घालतो. भोकांसमोर उभं राहू नका. तुम्ही हलेपर्यंत तो चोचीत माशी धरून तारेवर बसून राहतो, आत जात नाही.

खाली वाळूवर आलात की पहिली दहा मिनिटं कुणी पळायचं नाही. कारण रात्रीच्या पावलांचे ठसे सकाळी ताजे असतात आणि आपण चालायला लागलो की मोडतात. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यासारखाच, पण लांबट आणि एका रेषेत चालत गेलेला. रानडुकरांचे खूर खोल गेलेले. मुंगसाची बारीक नखं. टिटवीची तीन बोटं. ज्या बाजूला ठसे पाण्याकडे जातात तिथं रात्री कोण पाणी प्यायलं ते मुलांना ओळखायला सांगा. माझा नातू मोबाइल विसरतो तो फक्त याच खेळात.

गोट्यांचा पट्टा लागला तर तिथं रेंगाळा. काळा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत गार, म्हणजे गारगोटीचा दगड, भरत गेली. म्हणून काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात. दगड झिजला की गार सुटी होते आणि नदी तिला घासून गुळगुळीत करते. दुधी, तपकिरी, पट्टे-पट्टे असलेल्या गारगोट्या मिळतात. एक-दोन आणा, पिशवीभर नको.

आता पक्षी. मी पुस्तकी पक्षिमित्र नाही, नोकरीत पाण्याच्या कडेनं चालता चालता जे दिसले ते शिकलो. थंडीत सगळ्यात देखणा पाहुणा चक्रवाक. नारिंगी-तपकिरी अंगाचं मोठं बदक, डोकं फिकट. लडाख-तिबेटकडून येतं, साधारण नोव्हेंबरात दिसायला लागतं आणि होळीच्या सुमारास जातं. जोडीजोडीनं राहतं. जुन्या काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालते म्हणतात. ती भसाडी, दूरवर जाणारी साद पहाटे धुक्यात ऐकली की असं का सुचलं असेल ते कळतं. फार सावध पक्षी. तुम्ही चालत त्याच्याकडे निघालात की शंभर पावलांवरूनच उडणार. त्यापेक्षा एका जागी बसा, हलू नका, तो स्वतः पाण्याबरोबर खाली सरकत येतो.

उथळ पाण्यात लांब गुलाबी काड्यांवर चालणारा काळा-पांढरा पक्षी तो शेकाट्या. दगडांवर बूड हलवत फिरणारा तुतवार. दगडावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. कधी चित्रबलाकांचा थवा येतो, पिवळी चोच आणि पाठीवर गुलाबी छटा. मुलांना सगळ्यात आवडतो तो कवड्या खंड्या. काळा-पांढरा, तो हवेत एका जागी पंख फडफडवत ठरतो, मान खाली करून नेम धरतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. चारदा पडला की एकदा मासोळी घेऊन वर येतो. पुलाखाली गेलात तर वर बघा. तारवाल्या भिंगऱ्यांची मातीची अर्धी वाटी कमानीला चिकटलेली असते.

मार्च-एप्रिलमध्ये कुणी गेलंच तर कोरड्या वाळूच्या उघड्या पट्ट्यावर पाय टाकू नये. नदी सुरय, टिटवी हे घरटं बांधत नाहीत. वाळूत, गोट्यांत नुसत्या खळग्यात अंडी घालतात, आणि त्यांचा रंग हुबेहूब खड्यासारखा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की आहात तिथून आल्या पावली मागे फिरा. आमच्याकडचे जुने शेतकरी टिटवीनं अंडी किती घातली, उंचावर घातली की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधतात. तो खरा ठरो न ठरो, त्या निमित्तानं त्यांची अंडी पायाखाली येत नाहीत याचं मला मोल वाटतं.

याच दिवसांत पात्रात डांगर-टरबुजांच्या वाड्या असतात. वेल वाळूवर पसरलेले असतात, लांबून ते रानटी वाटतात. ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे. वाडीतून चालायचं नाही. वाडीवाल्याला हाक मारा, दोन फळं विकत घ्या, तो स्वतःच सावलीला बसवेल.

पोहायचं नाही

ही गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती सगळ्यांत मोठी आहे.

गिरणेच्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली आहे. उपसा झाला तिथं खड्डे पडले. पाणी आलं की खड्डे भरतात, आणि वरून सगळं सारखंच दिसतं. आपण गुडघाभर पाण्यात चालत असतो आणि पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. खड्ड्याची कड ही सुट्या वाळूची, तिला धरून वर येता येत नाही. जितकं ओढाल तितकी ती ढासळते. म्हणून पट्टीचे पोहणारेही यात गेले आहेत. आमच्या लहानपणी नदीत पोहायला शिकायचो ती गिरणा वेगळी होती, तिचा तळ आम्हाला पाठ होता. आजचा तळ दर आठवड्याला बदलतो. बंधाऱ्यांपाशीही तेच. कांताई बंधाऱ्याकडे पुष्कळ लोक सहलीला जातात. बंधारा दुरून बघावा, अडलेल्या पाण्यात उतरू नये, भिंतीवरून चालू नये. शेवाळ असतं.

पाणी आटलेले जुने खड्डेही फसवतात. वर गाळाची पापडी वाळलेली, भेगा पडलेली, आत चिखल तसाच. चालताना हातात दुसरी लांब काठी ठेवा आणि संशय आला की आधी ती टोचून बघा. काठी सहज आत गेली तर वळसा घाला.

मुलांना पाण्यात खेळायचं असतंच, त्यांना नाही म्हणू नका. घोट्याएवढं पाणी, तळ दिसणारं, काठीनं तपासलेलं, आणि मोठं माणूस धारेच्या खालच्या बाजूला उभं. पाय घसरला तर पोर आपल्याकडेच वाहत येतं.

कुणी पाण्यात सापडलंच तर मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात. ओढणी, साडी, दोर, लांब काठी जे असेल ते फेका आणि काठावरच्या लोकांना हाका मारा. त्यासाठीच आम्ही पिशवीत वीस हात दोर कायम ठेवतो.

डबा

हिवाळा आणि नदी म्हटल्यावर भरीत आलंच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही ते तसंच होतं: हिरवट, पांढुरक्या रेघांचं, हातात जड, आत बिया कमी. कपाशीच्या काड्यांवर ते भाजायचं. पण पात्राच्या कडेला, वाळल्या गवतात जाळ करू नका, वाऱ्यानं बांधच्या बांध पेटतात. ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं किंवा पडीक तुकडा बघा, त्याला विचारा, विझवायला बादलीभर पाणी शेजारी ठेवा. वांग्याला आधी सुरीनं टोचे मारून तेलाचा हात लावायचा, सगळीकडून काळं होईपर्यंत फिरवत भाजायचं, साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून त्यातच. वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. एवढं जमत नसेल तर सूनबाई करते तसं आदल्या रात्री भरीत करून घ्या. गारठ्यात थंड भरीतही छान लागतं. जानेवारी असेल तर वाटेत मेहरूणची बोरं घ्यायला विसरू नका.

खाणं काठावर बसून, पात्रात नाही. खरकटं, कागद, पिशव्या सगळं परत आपल्या पिशवीत. पाण्याची विहीर पात्रातच असलेलं गाव पुढे आहे हे लक्षात ठेवायचं.

ज्या रविवारी आवर्तन चालू असेल त्या दिवशी आम्ही वाळूत उतरतच नाही. उंच काठावरून भरलेली नदी बघतो, नाही तर मेहरूण तलावावर जातो. नाही तर गाडी कानळद्याकडे काढायची. तिथं गिरणेच्या काठावर कण्व ऋषींचा म्हणून सांगतात तो आश्रम आहे, शांत जागा. आणखी खाली रामेश्वरला गिरणा तापीला मिळते. श्रावणात तिकडे गर्दी असते, नदी भरलेली असते, तेव्हा घाटाच्या वरच्या पायरीवरून नमस्कार पुरे. श्रावणातच कानबाईच्या विसर्जनालाही बायका नदीवर येतात. तुम्ही तिथं असलात तर वाट द्या, आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

परत निघताना काठी आधी उपटून घ्यायची, सगळ्यांत शेवटी नाही, म्हणजे पाण्याची पातळी जाताना एकदा बघितली जाते. नात वहीत तारीख, पाणी किती बोटं चढलं-उतरलं आणि चक्रवाक किती दिसले ते लिहिते. मग काठावर चढून बुटांतले सराटे काढायचे, पाय धुवायचे. सावखेड्याच्या बाजूनं उतरणीच्या तोंडाला एक जुना निंब आहे. आमची खाचा पाडलेली काठी त्याच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली असते. लागली तर घ्या, जाताना परत तिथंच ठेवा.